चौथं पान

चौथं पान अजून अडलंय, यशोधन,
आणि ढोंगडेकाका सांगून गेलेत, नऊच्या आत काय ते कळवा,
नाहीतर मशीन लग्नपत्रिकांना लागेल.

तीनशे प्रतींचं आपलं मासिक.
निम्म्या खाकी पाकिटातून जातात, पाठवणाऱ्याचं नाव न घालता,
कारण वर्गणीदाराच्या घरी पाकीट आधी दुसरंच कुणीतरी फोडतं.
दहा वर्षं काय छापलं आपण?
कविता. एखादी बरी कथा.
‘आईला कसं सांगावं’, दर सहा महिन्यांनी, नव्याने.
राजकारण नको, असं पहिल्याच बैठकीत ठरलं होतं,
माझ्या कोथरूडच्या खोलीत, पोह्यांच्या बशा मांडीवर घेऊन,
जणू आपण राहतो ते महापालिकेच्या हद्दीबाहेर.

मग तू तो कागद आणलास.
दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप,
तीस दिवसांचे झालेले पंचेचाळीस,
आणि टेबलापलीकडच्या बाईंनी दोनदा विचारलेलं, कशासाठी हवंय?
नगरसेवकाचं पत्र. खाली लफ्फेदार सही.
नदीकाठच्या बागेत अंधारल्यावर ‘अनीष्ट प्रकार’ चालतात,
सबब दिवे वाढवावेत, गस्त वाढवावी, बाकं काढावीत.
तारीख चौदा मे.
बाकं निघाली. गस्त वाढली.
दिवे आजतागायत लागलेले नाहीत.

आणि जूनमध्ये तोच माणूस
आपल्या मोर्चाच्या तोंडाशी, गळ्यात सप्तरंगी उपरणं.
‘ही माझीच मुलं’, म्हणाला माईकवर.
टाळ्या वाजल्या. माझ्याही.

मागच्या कव्हरवर त्याची जाहिरात असते, रंगीत,
अठरा हजारांची.
त्यात कागद निघतो, पोस्टाची तिकिटं निघतात,
दिवाळी अंकाला थोडा श्वास मिळतो.

काल रात्री फोनच फोन.
दमयंती म्हणाली, तो निदान येतो तरी गं, बाकीचे नावसुद्धा घेत नाहीत.
फिरोज म्हणाला, निवडणूक होऊ दे, मग छाप.
हेरंब म्हणाला, घरचं धुणं चौकात कशाला वाळत घालायचं?
धुणं त्याचं आहे, आपण फक्त दोरी,
हे मला फोन ठेवल्यावर सुचलं.

मला त्या माणसाची भीती नाही वाटत, यशोधन.
मला ही वाक्यं ओळखीची वाटतात.
आत्ता नको.
बहिणीचं लग्न होऊ दे, मग सांग.
तेवीस वर्षं हीच वाक्यं गिळून मी शाळेत भूगोल शिकवला,
नकाशावर सगळ्या सीमा अचूक काढल्या.

तुझ्या मजकुरातला ‘ढोंगी’ मी काढलाय.
रागव हवं तर.
पत्र छापू, तारीख छापू,
आपण त्याला तीनदा फोन केला ते छापू,
तो काय म्हणाला तेही: मीटिंगमध्ये आहे.
एवढं पुरतं. शिव्या वाचकाला घालू देत.

एकच ओळ तशीच ठेवली आहे.
‘गस्तीत पकडलेले काही तरुण’, असं तू लिहिलंयस.
त्यातला एक कोण होता, मला ठाऊक आहे.
त्या रात्री चौकीवर तुझ्यासाठी चपला घेऊन मीच आले होते.
तिथे ‘काही तरुण’ राहावं की ‘आम्ही’ यावं,
ते तू ठरव.
माझी लाल शाई तिथवर पोचत नाही.

ढोंगडेकाकांनी काल प्रूफ वाचलं,
चष्मा कपाळावर, कागद नाकाशी.
आपल्याबद्दल त्यांनी आजवर एक शब्द विचारलेला नाही.
म्हणाले, बाई, अनिष्टमधला नि ऱ्हस्व. दुरुस्त करू?
म्हटलं, नको. मूळ पत्रात आहे तसाच राहू दे.
हसले. मग म्हणाले,
मागचं कव्हर एकरंगी केलं तर पुष्कळ वाचतील पैसे.

आठ चाळीस झालेत.
अकरा बाकं होती ना रे तिथे?
ती सध्या कुठल्या गोदामात आहेत,
तेही विचारायला हवं कुणीतरी.
येताना आणखी एक स्टँप घेऊन ये.